मुन्सिफसाहेबांपुढं घेतलेलं नाव

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. उस्मानाबादच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली मेंढरं रवंथ करत बसली होती आणि आत त्यांच्यापायी दोन वकील भांडत होते. बेंबळीच्या हरणाबाई म्हणत, मेंढरं आमची. जळकोटचा धोंडप्पा म्हणे, माझी. निकाल आजच लागायचा होता. हरणाबाईंचा धनी पाय मोडून घरी पडलेला, म्हणून साक्षीला त्या एकट्याच आल्या होत्या.

त्यांचे वकील मल्लिनाथ. कोर्टाचा कारभार सगळा उर्दूत. बाई मराठीत बोलायच्या आणि मल्लिनाथ शेरवानीतला घाम सोशीत त्याचं उर्दू करायचे. इथवर बरं चाललं होतं. मग मुन्सिफसाहेबांनी विचारलं, "मेंढरांच्या मालकाचं नाव?"

हरणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सांगा की," मल्लिनाथ हळूच म्हणाले.

"धन्याचं नाव बाईमाणूस घेतंय व्हय, वकीलसाब? तुमच्या घरात घेत्यात का?"

"बिराप्पाच ना? नुसतं व्हय म्हणा."

धोंडप्पाचे वकील महारुद्रप्पा ताडकन उठले. "हुजूर, हे साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालतायत. कायद्यात बसत नाही."

"खरंय," मुन्सिफसाहेब म्हणाले. "नाव बाईंच्याच तोंडून आलं पाहिजे. नाहीतर साक्ष धरता येणार नाही."

मल्लिनाथांनी घटकाभर कपाळ चोळलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हरणाबाई, लग्नात घेतलं होतं ना? तसंच घ्या."

हरणाबाई लाजल्या. खिडकीतून मेंढरांकडं बघितलं, आणि जात्यावर बसल्यागत त्यांचा सूर लागला:

"माळावर उगवली हराळी कवळी,
बिराप्पाची मेंढरं माझ्या हाकंजवळी."

मल्लिनाथांनी उर्दूत हराळीची दूब केली, हाकेची पुकार केली. मुन्सिफसाहेबांना शेरोशायरीचा भारी नाद. खुर्चीतच पुढं सरकून ते म्हणाले, "मुकर्रर."

"पुन्हा एकदा म्हणा, म्हणतायत," मल्लिनाथ म्हणाले.

"तोच उखाणा परत कोण घेतंय? दुसरा घेते."

"डाव्या कानाला काप, मानेला काळा पट्टा,
बिराप्पाच्या कळपाशी करू नये थट्टा."

कोर्टात हशा पिकला. महारुद्रप्पा पुन्हा उठले. "हुजूर, ही साक्ष आहे की गाणं?"

"नाव आलं, खूणही आली," मल्लिनाथ म्हणाले. "चालीवर बोलू नये असं कोणत्या कलमात आहे?"

मुन्सिफसाहेबांनी धोंडप्पाला विचारलं, "तुमच्या मेंढरांची खूण काय?" धोंडप्पा वकिलाकडं बघू लागला, वकील छताकडं. शिपाई बाहेर जाऊन कान, माना बघून आला. एकूण एक मेंढराचा डावा कान कापलेला, मानेला काळा पट्टा.

निकाल हरणाबाईंच्या बाजूनं लागला, मेंढरं सुटली. हाकेसरशी ती हरणाबाईंभोवती गोळा झाली. निघताना त्या मल्लिनाथांजवळ आल्या.

"वकीलसाब, घरी आलात तर हे त्यास्नी सांगू नका."

"काय?"

"भर कोर्टात दोनदा नाव घेतलं ते. मोडका पाय घेऊन नाचतील."

मल्लिनाथांनी नाही सांगितलं. पण कोर्टात हसलेली माणसं बेंबळीच्याच वाटेनं बाजाराला जात होती.