लाल कुसळाचं भात

मुकादम हौशीरामने कुदळीचा एक घाव घातला आणि परसातला चिखलाचा बांध फुटला. साठलेलं पाणी गटाराकडे वळलं. झुंबरबाईने टाच रोवून ते अडवून पाहिलं, पण ते बोटांमधून निघून गेलं.

“मावशी, डासांचा साहेब उद्या येतोय. परसात पाणी दिसलं तर तुमच्या लेकाची, भिमाजीची, खोली जाईल.”

“मग भात काय चुलीवर लावू?”

“लावायचं कशाला? चुलीवर नुसता शिजवा.”

कुंपणापलीकडून खतीजा म्हणाली, “मच्छर सगळे आमच्या घरात, भात यांच्या घरात. हा कुठला न्याय, मावशी?” पण ती हसत होती. राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, चुलीतली राख तीच टोपलीभर आणून देत असे. रेल्वेच्या चाळीत पालापाचोळा जाळायला मनाई होती, म्हणून राब भाजण्याऐवजी झुंबरबाई शेजारणींच्या राखेतच बी पेरायची.

लोणावळ्याच्या त्या चाळीत प्रत्येक खोलीमागे खाटेएवढी जागा होती. तिथे झुंबरबाई दरसाल लाल कुसळाचं भात लावी. खाण्यापुरतं नव्हे, बियाण्यापुरतं. आंदर मावळातलं तिचं भाताचं खाचर धरणात गेलं, तेव्हा तिने गाडगंभर बी पदराखाली घेऊन गाव सोडलं होतं. ते भात आता आणखी कुणाकडे उरलं नव्हतं. यंदा गाडग्यातलं सगळं बी पेरलेलं. ही रोपं वाळली की संपलं.

“आत्याबाई,” सून सरुबाई हळूच म्हणाली, “बयाकाकींच्या खाचरात लावू या की.”

झुंबरबाईने हात धुतले, पुसले, परत धुतले. धरणाचं पाणी चढलं ते धाकट्या जावेच्या, बयाबाईच्या, बांधाशी येऊन थांबलं होतं. “देव पावला,” बयाबाई म्हणाली होती. झुंबरबाई तेव्हा तिच्या शेजारीच उभी होती. त्यानंतर ती गावाकडे फिरकली नव्हती.

मग ती खाली बसली आणि रोपं उपटू लागली. मुळांची माती धुऊन तिने जुड्या बांधल्या, पाटीत लावल्या, वर ओलं गोणपाट घातलं. रोप एकदा उपटलं की ते फार वाट पाहत नाही.

वडगावला गाडीतून उतरून सासूसुना चालत निघाल्या. झिमझिम चालू होती. डोंगराच्या वळणावर पाणी दिसू लागलं तसा झुंबरबाईने पाटीला धरलेला हात बदलला. उचललेल्या हातावरून पदर घसरला आणि त्याआड धरण झाकलं गेलं.

पण पुढे पदर सावरताना तिला दिसलं, गावाच्या जागी पाणी नव्हतंच. आषाढ नुकता लागला होता, धरण अजून भरायचं होतं. खाली तपकिरी चिखल उघडा पडला होता आणि त्यावर जुने बांध जसेच्या तसे उमटले होते. झुंबरबाई थबकली. मग वाट सोडून सरळ खाली उतरली.

“ह्यो दगड बघ. तुज्या सासऱ्यानं बसवलेला. हितनं पानी घ्यायचो आमी.” ती बांधावरून चालत राहिली. “ते चिंचंचं खोड. आवणीला, भात लावताना, तितं न्याहारी. गावचा कोंडाजी गाण्याला सुरुवात करायचा, पुढचं आमी बाया उचलायचो. त्याला पुढचं कदी यायचंच न्हाई.” ती हसली.

पाटी खाली ठेवून तिने जुडी सोडली. चिखल पायाने चाचपला आणि वाकून रोपांची पहिली मूठ लावली. भाद्रपदात इथे दोन पुरुष पाणी असणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“आक्का!” वरच्या बांधावरून हाक आली. “तितं नगं! बुडंल ते!”

झुंबरबाईने दुसरी मूठ लावली.

पावसाचं इरलं सावरत बयाबाई खाली आली. तिचे केस पार पांढरे झाले होते. तिने खुशाली विचारली नाही, वाद घातला नाही. पाटी उचलून कमरेवर घेतली आणि चढ चढू लागली.

“अगं, माजं रोप हाय ते!”

“मंग ये की मागनं.”

झुंबरबाईने लावलेल्या दोन मुठी उपटून हातात घेतल्या आणि ती मागोमाग निघाली.

वर बयाबाईचं खाचर पुरं लावून झालं होतं. बाया पाय धुऊन घरी निघायच्या बेतात होत्या. मोकळी अशी एकही ओळ उरली नव्हती.

“आता हितं कुटं लावायचं?” झुंबरबाईने विचारलं.

जिथून खाचरात पाणी येतं, त्या तोंडाशी बयाबाई वाकली. सकाळीच लावलेली आपली रोपं ती ओळीने उपटू लागली.

“बये, काय करतीस?”

“लय दाट झालतं.”

सरुबाईने पाहिलं. रोपांच्या दोन चुडांमध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. झुंबरबाईनेही ते पाहिलं. मग तिने कासोटा घट्ट केला, चिखलात उतरली आणि एक जुडी जावेच्या हातात दिली.

“सरळ लाव,” ती म्हणाली. “तुजी ओळ पयल्यापासनं वाकडी.”