मालकाचं आमेन

हॉलिवूडमध्ये तेव्हा शूरांना तोटा नव्हता. सगळे पगारी होते आणि सगळे पडद्यावर होते. पडद्याबाहेर स्टुडिओचा मालक मॅक्स गारलंड, बर्लिनमध्ये हिटलरचा कुणी कारकून शिंकला तरी इथे नाक पुसायचा. मूळचा हा ज्यू, मोर्दका गारफिंकेल. नाव, आडनाव आणि बापाचं गाव तिन्ही बदलून साहेब झालेला.

लिओपोल्ड त्स्विक हा त्याच्याकडचा दिग्दर्शक, व्हिएन्नाहून जीव मुठीत धरून पळालेला. त्याच्या नव्या चित्रपटात शिपाई एका म्हाताऱ्या घड्याळजीला भर चौकात गुडघ्यांवर बसवतात आणि घड्याळजी म्हणतो, "मी ज्यू आहे." या एका प्रसंगासाठी त्स्विकने बाकीची प्रेमकथा लोकांच्या गळ्यात मारली होती.

"तो शब्द नको," सेन्सॉरचे प्रुइटसाहेब म्हणाले. "जर्मन वकिलातीला झोंबतो."

"नुसता माणूस दाखव की रे," गारलंडने री ओढली. "उगाच तिकडचा धंदा बसेल."

"बरं. शब्द काढतो."

शब्द निघाला. त्याऐवजी म्हातारा डोक्यावर टोपी ओढून मेलेल्यांसाठीची प्रार्थना पुटपुटू लागला. ज्यूंच्या घरी बाप गेला की मुलगा म्हणतो ती. समोरून सैन्य दाणदाण पावलं आपटत चाललेलं. हे सगळं त्स्विकने एकाच सलग तुकड्यात चित्रित केलं, म्हणजे मधलं कापून जोडायची सोयच नको. उडवायचा तर अख्खा प्रसंग उडवा.

चाचणीच्या खेळाला तिघेच होते. पडद्यावर पुटपुट सुरू झाली, तशी प्रुइटने पेन्सिल काढली.

"हा काय बरळतोय, गारलंड?"

"कुणास ठाऊक. कुठली तरी गावंढळ बोली."

त्स्विकची नजर त्या पेन्सिलीवर होती. खरं कळलं की प्रसंग गेला. तेवढ्यात म्हातारा श्वास घ्यायला थांबला, आणि अंधारात खणखणीत आवाज आला, "आमेन."

त्या जागी ऐकणाऱ्याने आमेन म्हणायचंच असतं. मालकाची जीभ तेवढी बदलायची राहिली होती.

प्रुइट वळला. "म्हणजे तुम्हाला हे येतं?"

"ते... आपलं... तिकडच्या चर्चमधली प्रार्थना आहे," गारलंड घाम पुसत म्हणाला.

"मग आधी नाही का सांगायचं?" दर रविवारी चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवणाऱ्या प्रुइटने पेन्सिल खिशात घातली. "प्रार्थनेला कात्री लावायला आम्ही काय नास्तिक आहोत? राहू द्या."

बाहेर येताच गारलंडने त्स्विकची बाही धरली. "हरामखोरा, कुणाच्या नावाने म्हणतोय तो म्हातारा?"

"तुमच्या, मोर्दकासाहेब," त्स्विकने बाही सोडवून घेतली. "तुमच्या घरी म्हणणारं कुणी उरलं नसेल. म्हटलं, आपणच उरकून घ्यावं."