माझ्या पायाखालचा कागद

मी एक जुना, पाऱ्याचा रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. राखाडी पत्र्याची पेटी, आत काचेची नळी, नळीशेजारी आकडे, एक रबरी फुगा आणि दंडाला गुंडाळायचा पट्टा, एवढंच माझं अंग. माझं सगळं आयुष्य आकड्यांत गेलं. म्हणून माझी कहाणीही आकड्यांनीच सांगतो.

१२०/८०

हा माझा पहिला आकडा. मला जोडणाऱ्या कारागिराने स्वतःच्याच दंडावर तो तपासला आणि समाधानाने पेटी बंद केली. मग बावीस वर्षं मी एका दवाखान्यात राबलो. पुढे तिथे बटणाची यंत्रं आली. मला अडगळीत टाकणार होते, तेवढ्यात तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "द्या मला. याचा पारा अजून खोटं बोलत नाही." इतकं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

१५०/९४

हा बाईंच्या यजमानांचा आकडा. ते कारखान्यातले वजनकाटे दुरुस्त करत. सगळे त्यांना काटेमास्तर म्हणत. मी घरात आलो त्या दिवशी त्यांनी आधी वाकून माझा पारा शून्यावर आहे का, ते पाहिलं आणि मगच दंड पुढे केला.

तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी बाई मोजत आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत. जुनी कॅलेंडरंही त्याच खिळ्याला मागे टांगलेली राहत.

"अहो, काल वरून मीठ घेतलंत ना?"

"चहाडखोर आहे तुझा पारा!"

अकरा वर्षं असं चाललं. ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं.

१४६/९०

मास्तर निवृत्त झाले. घरी येताना एक पुष्पगुच्छ, एक घड्याळ आणि कागदांनी फुगलेलं तपकिरी पाकीट घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपाटातून काढून खिडकीजवळच्या टेबलावर जागा दिली. टेबल एका बाजूला किंचित उतरतं होतं. माझा पारा केसभर हलला, आणि तो मास्तरांना दिसला. काट्याखाली पाचर ठोकायची आयुष्यभराची सवय! त्यांनी पाकिटातला एक जाडसर कागद काढला, चार घड्या घातल्या आणि माझ्या पायाखाली सरकवला.

"अहो, कामाचा असेल तो."

"कंपनीचा आहे. माझी कंपनी संपली. आता त्याला एवढंच काम."

पारा बरोबर शून्यावर आला. कागदावर काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. मी फक्त दाब वाचतो.

प्रश्न नववा: रक्तदाबाचा त्रास आहे का? हो / नाही

हा आकडा नाही, पण माझ्या कहाणीतला सगळ्यात जड प्रश्न आहे. कारखान्याचा आरोग्यविमा नोकरीबरोबरच संपला होता. विमा विकणारा भाचा नव्या पॉलिसीचा अर्ज घेऊन आला.

"मामा, 'हो'वर खूण केलीत की हप्ता वाढला. वर तीन वर्षं त्या दुखण्याचं काही मिळणार नाही. कदाचित घेणारच नाहीत. सगळे 'नाही'च लिहितात."

"अरे, भिंतीवर अकरा वर्षांचे आकडे आहेत," बाई म्हणाल्या.

"भिंत बघायला कोण येतंय, मामी?"

मास्तर पेन हातात धरून बसले होते. "खोट्या काट्यावर कधी शिक्का मारला नाही मी," ते म्हणाले. मग बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "पण उद्या तुला काही झालं, तर विम्याशिवाय कुठल्या दारात घेऊन जाऊ?"

पॉलिसी दोघांची मिळून होती. त्यांनी 'नाही'वर खूण केली. विमा कंपनीचा माणूस कागद पडताळायला घरी आला, त्या दिवशी मला कॅलेंडरांसकट पुन्हा कपाटात बंद केलं. मित्रांनो, त्या दिवसाइतका अंधार मी कधी पाहिला नाही.

२२८/१३०

चौदा महिन्यांनी एका सकाळी मास्तरांच्या उजव्या हातातून कप गळून पडला. बाईंनी लगेच मोजलं. मग मला आणि कॅलेंडरांची गुंडाळी पिशवीत घालून त्या मास्तरांना घेऊन इस्पितळात धावल्या.

"बीपी किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मामी..." भाच्याने त्यांची बाही ओढली.

पण रुग्णाची माहिती डॉक्टरांपासून लपवणं बाईंना नर्स म्हणून कधी जमलंच नव्हतं. "बारा वर्षं," त्या म्हणाल्या. "रोज मोजते. एक दिवस चुकवलेला नाही." आणि त्यांनी गुंडाळी पुढे केली.

मास्तर वाचले. डॉक्टर म्हणाले, या नोंदींमुळे फार सोपं गेलं. बिलाचा दावा केला, तेव्हा इस्पितळाच्या कागदांबरोबर त्याच नोंदी विमा कंपनीकडेही गेल्या. पत्र आलं: माहिती लपवल्यामुळे दावा नामंजूर. पॉलिसी रद्द.

नोंद नाही

पुढचे कित्येक आठवडे बाईंनी मला हात लावला नाही. माझ्यावर धूळ साचली. मास्तरांच्या हाताला व्यायाम द्यायला येणारी मुलगी आधी रोज यायची, पैसे संपत आले तशी आठवड्यातून एकदा, आणि मग यायची थांबली. तो हात मांडीवर पडून राहिला. "मीच बोलले, माझ्याच तोंडाने बोलले," बाई भांडी घासताना पुटपुटत.

एकदा धूळ पुसायला त्यांनी मला उचललं. कागद दिसला. घड्या उलगडून त्या उभ्या उभ्या मोठ्याने वाचू लागल्या:

"निवृत्तीपासून पंचेचाळीस दिवसांच्या आत हा अर्ज दिल्यास सध्याचा विमा पती-पत्नीच्या नावे चालू ठेवता येईल. जुन्या आजारांसाठी नव्याने थांबावं लागणार नाही."

खुर्चीतून मास्तर ऐकत होते. त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. "मी... मीच," एवढंच त्यांना म्हणता आलं.

बाईंनी त्याच घड्यांवर कागद पुन्हा दुमडला आणि माझ्या पायाखाली ठेवला. टेबल अजून उतरतंच होतं.

मित्रांनो, माझा खरेपणा इतके दिवस त्याच कागदावर उभा होता. तुमच्या घरातलं कोणी निवृत्त होऊन पाकीट घेऊन आलं, तर त्यांच्याजवळ बसा. तुमची नजर चांगली आहे, बारीक अक्षरं तुम्हाला दिसतात. एकेक कागद वाचून दाखवा, आणि एखाद्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं, तर घाई करू नका. त्यांना खरं लिहू द्या.

१५८/९६

हा आजचा आकडा. बाईंनी मोजला, पण पेन उचललं नाही. मास्तरांनी डावा हात पुढे केला, पेन मागितलं आणि कॅलेंडरच्या चौकोनात तो स्वतः लिहिला. वाकडातिकडा, चौकोनाबाहेर गेलेला. पण खरा.