पंख्यावरचं झाकण

नाव कालव्याच्या बोगद्यात शिरून दहा मिनिटं झाली असतील, तेव्हा बेरिलच्या मनात आलं की नॉर्मनने झाकण लावलेलं आपण पाहिलंच नाही.

मागचं उजेडाचं तोंड बशीएवढं झालं होतं. पुढचं अजून दिसतही नव्हतं. बोगदा एका नावेपुरता. काठ नाही, वळायला जागा नाही, आणि पलीकडे निघायला आणखी अर्धा तास.

बोगद्याच्या तोंडाशीच नावेच्या पाण्याखालच्या पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकली होती. नॉर्मनने मागची फळी उचलली, पंख्यावरच्या भोकाचं झाकण काढलं आणि फेब्रुवारीच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ती कापत बसला. बेरिल पुढचा दिवा लावायला गेली. परत आली तेव्हा फळी जागेवर होती आणि हा आत शेगडीपाशी हात शेकत होता. ते झाकण राहिलं तर फिरता पंखा पाणी वर फेकतो, थेट नावेच्या पोटात. अशा बुडालेल्या निदान एका नावेची गोष्ट कालव्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि प्रत्येक गोष्टीत नवरा म्हणालेला असतो, लावलंय की.

सुकाणू न सोडता ती दारातून खाली वाकली. "नॉर्मन, झाकण लावलंस ना?"

"लावलंय की."

"नीट आवळलंस?"

"नाही, नुसतं वर ठेवलं आणि पापा दिला. एक्केचाळीस वर्षं काय करतोय मी या नावेवर, बाईसाहेब?"

एक्केचाळीस वर्षांपूर्वी ही नाव, लॅपविंग, म्हणजे कोळसा वाहून थकलेलं लोखंडी धूड होतं. नॉर्मनने कोळशाच्या जागी स्वयंपाकघर बसवलं, पलंग बसवला. पहिलं वर्षभर बेरिलच्या प्रत्येक केकला कोळशाची चव होती. त्यांची लेक जिलियन याच नावेत लहानाची मोठी झाली, आणि आता तीच म्हणत होती की बाबा विसरायला लागलेत, आणखी एक काही घडलं की नाव विकायची आणि दोघांनी जमिनीवर यायचं. मागच्या आठवड्यात त्याने कालव्याच्या दरवाजांच्या झडपा फिरवायची दांडी पावाच्या डब्यात ठेवली होती. बेरिलने ते लेकीला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही जरा कमीच सांगितलं होतं.

फळी उचलून बघितलं की झालं. पण तो आता दारातच येऊन बसला होता. त्याच्या डोळ्यांदेखत फळी उचलायची म्हणजे तोंडावर सांगायचं, तुझ्या शब्दावर आता भरवसा नाही.

बोगदा छतातून ठिबकत होता. तिने कान दिले. ठिबकण्यात एक धार होती, डाव्या बाजूला, भिंतीवर आपटणारी. ती धार त्यांच्याबरोबर पुढे सरकत होती. म्हणजे नावेत शिरलेलं पाणी उपसून बाहेर फेकणारा पंप आपोआप सुरू झाला होता. सुकाणू जड लागत होतं. नाव मागून बसत चालली होती.

तिने इंजिन बंद केलं.

"काय गं, थांबलीस का?"

तिने फळी उचलली, बॅटरीचा उजेड टाकला. खाली काळं पाणी डुचमळत होतं आणि त्यात चौकोनी भोक उघडं होतं. भोकातलं कालव्याचं पाणी काठाच्या जेमतेम चार बोटं खाली होतं. आणखी पाच मिनिटं पंखा फिरला असता तर कालवा आपल्या पायांनी आत आला असता.

"झाकण कुठंय, नॉर्मन?"

तो उठून आत गेला. भांड्यांचा आवाज आला. मग तो टॉवेलमध्ये गुंडाळलेलं झाकण घेऊन आला, तान्हं मूल आणावं तसं.

"रबर गारठून कडक झालं होतं. शेगडीपाशी मऊ करायला ठेवलं. थंडीत नेहमीच ठेवतो की मी."

"ठेवतोस."

"ठेवलेलं आठवतंय." त्याचा आवाज खाली गेला. "पण लावलेलंही आठवतंय मला, बेरिल. स्क्रू हाताला गार लागलेला आठवतोय."

तिने हात पुढे केला. त्याने झाकण दिलं नाही. गुडघ्यांवर बसून स्वतःच लावलं, आवळलं, पुन्हा आवळलं. तिने बॅटरी धरली. पंप ओकत राहिला. नाव अंधारात भिंतीला घासत स्थिर झाली.

"जिलियनला सांगणार?" त्याने विचारलं.

"काय सांगू ते कळत नाही अजून."

"तू मला विचारत जा. मी चिडलो तरी विचार."

"चिडशीलच तू, म्हाताऱ्या."

"चिडेन की. तोंड माझं आहे."

तिला हसू आलं. तिने फळी जागेवर बसवली, इंजिन चालू केलं. पुढच्या टोकाला आता टाचणीएवढा उजेड दिसत होता. तिला वाटलं, थट्टेनेच सुरुवात करावी.

"बरं, विचारते. झाकण लावलंस का?"

नॉर्मनने तिच्याकडे पाहिलं, मग पायाखाली पाहिलं. मग तिच्या हातातली बॅटरी घेऊन तो खाली बसला आणि फळी उचलायला लागला.

तो चेष्टा करत नव्हता.