माझ्यावर ‘प्रा. लि.’ लिहिले तेव्हा

मित्रांनो, मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. आज माझे कोपरे गंजले आहेत. पण एके काळी मी कपडे धुण्याच्या दुकानावर दिमाखात झळकत होते.

रंगाऱ्याने मला निळा रंग देऊन पांढऱ्या अक्षरांत ‘शुभ्र धुलाई’ असे लिहिले. दुकान ताईंचे. त्या सकाळी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करत आणि दुपारनंतर दुकान बघत. दोन यंत्रे, वाफेची एक इस्त्री आणि चादरींचे ढीग, एवढाच पसारा. पहिल्या वर्षी तोटा झाला आणि ताईंचा चेहरा उतरला. पण दुकान त्यांच्या एकटीच्या नावावर होते. आमच्याकडच्या नियमाप्रमाणे तो तोटा त्यांच्या पगारातून वजा धरला गेला आणि कापलेला थोडा कर परत मिळाला. त्यातून पाण्याचा पंप आला.

पुढे ताईंचा धाकटा भाऊ नोकरी सोडून दुकानात आला. कामाला वाघ, पण घाई फार.

“ताई, मोठ्या हॉटेलचं काम मिळतंय. पण ते फक्त कंपनीशीच करार करतात. आपण कंपनी करू या.”

ताईंनी कर सल्लागार बाईंना बोलावले. बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या, म्हणून मला सारे ऐकू आले.

“कंपनीचा एक फायदा आहे. धंदा बुडाला, तरी त्याचं देणं राहत्या घरावर सहसा येत नाही. पण अजून दोन वर्षं तरी मला तोटाच दिसतोय. कंपनीचा तोटा कंपनीतच राहतो, तुमच्या पगारातून वजा होत नाही. निदान हॉटेलची सही होईपर्यंत थांबा.”

“सही काय, आज ना उद्या होईलच!” भाऊ म्हणाला.

ताईंनी त्याच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. रंगारी पुन्हा आला. नावापुढे लाल रंगात ‘प्रा. लि.’ उमटले. खोटे कशाला बोलू, मला ती अक्षरे फार आवडली!

सही झालीच नाही. हॉटेलचा मालक बदलला आणि नव्या मालकाने स्वतःचीच यंत्रे बसवली. त्या कामासाठी आधीच घेतलेले आमचे नवे मोठे यंत्र नुसते उभे राहिले.

वर्षअखेरीस ताई कागद हातात धरून म्हणाल्या, “अहो बाई, एवढा तोटा झाला, तरी पगारावर पूर्ण कर?”

“तोटा कंपनीचा आहे, ताई. पुढे कंपनीला नफा झाला, तर त्यातून वजा होईल.”

“आणि नफा झालाच नाही तर?”

“मग तो तोटा कंपनीबरोबरच संपेल.”

मग ताई रुग्णालयात जादा पाळ्या करू लागल्या. पाय सुजायचे. इस्त्री करता करता डोळा लागायचा. एकदा भावाने इस्त्री त्यांच्या हातातून काढून घेतली.

“माझ्यामुळे झालं हे सगळं. ताई, तू मला बोल ना काहीतरी!”

“काय बोलू? मान तर मीच हलवली.”

दुसरे वर्षही तोट्यात गेले. शेवटी यंत्रे विकून सगळ्यांचे देणे चुकवले आणि कंपनी बंद केली. घर शाबूत राहिले. पण दोन वर्षांचा तोटा कोणाच्याच कामी आला नाही. भावाने मला खाली उतरवले, आणि कुठे ठेवावे हे न सुचून तो कितीतरी वेळ मला धरून उभा राहिला.

आता मी ताईंच्या मागच्या खोलीत असते. परवा शेजारची शिंपीण विचारायला आली, “ताई, मी कंपनी करू का?”

ताईंनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. “दुसरीकडून मिळकत आहे का तुला? तोटा किती वर्षं सोसावा लागेल? कोणाचं मोठं देणं अंगावर येईल का?”

“अगंबाई, एवढा विचार कुठे केलाय मी!”

“मग बस. आधी तो करू.”

मित्रांनो, तुम्हीही मोठेपणी दुकान काढाल. पाटी हौसेने रंगवा, पण त्याआधी कोणाजवळ तरी असेच बसा.