सगळ्यांच्या आधी

भर थिएटरात बसून "काय म्हणाला?" असं हंबरायचं, ही कुठली रीत? मोठीने नवऱ्याच्या मांडीवर चापट मारली आणि त्याच्या कानाला तोंड लावून सांगितलं, की चोर म्हणतोय, तिजोरी नाही फुटली तर निदान ही छत्री तरी उचलू. पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. तिने त्यालाही डोळे वटारले. म्हाताऱ्याचे कान जाऊन सहा वर्षं झाली. ऐकण्याचं यंत्र आणलं, तर ते शिट्ट्या मारतं म्हणून त्याने कपाटात टाकलं. तेव्हापासून तिकिटं दोन निघत आणि सिनेमा ऐकायची ती एकटी.

घरात आणि शिवणाच्या दुकानात सगळे तिला मोठी म्हणत. शाळा जेमतेम दुसरीपर्यंत. पण चाळीस वर्षं माणसांची मापं घेतलेली. टेप कमरेला लागली, की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, छाती फुगवतं आणि वर हवापाण्याच्या गप्पा मारतं. ती मनातल्या मनात बोटभर कापड जास्त धरायची आणि कपडा अंगावर चपखल बसायचा. सोंग तिला पाठमोरंही ओळखू येई. म्हणून तर हे वेडपट चोरांचे सिनेमे तिच्या आवडीचे. देखणा नायक नाचायला लागला, की ती जांभई देई. पण चोर साळसूद बनतो तेव्हा नटाला सोंगावर सोंग चढवावं लागतं, अस्तर लावल्यासारखं. आणि शिवण दिसता कामा नये.

आजचा चोर टकला होता, पडक्या खांद्यांचा. पोलीस मागे लागले म्हणून तो एका मयताच्या घरात घुसला आणि लांबचा भाचा बनून बसला. लोकांनी त्याला चार शब्द बोलायला उभं केलं. त्याने असा काही गळा काढला, की थिएटर खदखदलं. मग बोलता बोलता त्याला स्वतःचंच कोणी आठवलं असावं. चेहरा तसाच राहिला. फक्त हातातल्या रुमालाची त्याने घडी घातली, तिची आणखी घडी, आणि पुढे घडी पडेना तरी बोटं थांबेनात.

"खोटं तोंडावर दिसतं," मोठी स्वतःशीच पुटपुटली. "खरं हातात उतरतं."

तेवढ्यात त्या घरातले दिवे गेले. पडदा मिट्ट काळा झाला. काळोखात चोराचा साथीदार हलकेच कुजबुजला, "मयताचे बूट मला बरोबर बसलेत. निघू या का?"

मोठीच्या शेजारी, म्हाताऱ्याच्या खुर्चीत, कोणीतरी खुदकन हसलं. मग सगळं थिएटर हसलं.

दोन हसण्यांत एका टाक्याचं अंतर होतं. पण चुकलेला टाका तिच्या नजरेतून कधी सुटला नव्हता. ओठ पाहून समजलं म्हणावं, तर काळ्या पडद्यावर ओठ कुठले?

थोड्या वेळाने त्याने पुन्हा "काय म्हणाला?" विचारलं. तिने कानात भलतंच सांगितलं, की चोराचे दात दुखतायत. त्याने गंभीरपणे मान डोलावली. त्या डोलावण्यात कुठेही शिवण दिसत नव्हती.

पुढचा सिनेमा तिला दिसलाच नाही. भिंतीलाही कान असतात, आमच्या म्हाताऱ्याला नाहीत, असं ती सुनेला हसून सांगायची. म्हणून तर काजं करता करता ती त्याच्यासमोर वाटेल ते बोलायची. गेल्या वर्षी अशीच बोलून गेली होती: लेक बॅग घेऊन माहेरी परत आली, तेव्हा तिला दारातूनच मी लावून दिलं. बाबांना तुझं तोंड बघायचं नाही, असं तुमच्या नावावर खपवलं. तुम्ही कामावर होतात.

लेक आठ वर्षं बापाशी बोलत नव्हती. बाप सात वर्षं विचारत होता, माझं काय चुकलं?

त्या दिवशी त्याने "काय म्हणालीस?" एवढंच विचारलं होतं. ती ओरडली होती, "चहा घेणार का?" त्यानंतर लेकीचं विचारणंच त्याने सोडलं. विसरला असेल, असं समजून तिने सुटकेचा निःश्वास टाकला होता.

घरी आल्यावर तो तिच्याकडे पाठ करून बुटाची नाडी सोडायला बसला. भांडायला तिच्याजवळ सहा वर्षांचा दारूगोळा होता. ओरडून ओरडून घशाची पार चाळण झाली होती. याने केसाने गळा कापला होता. पण तोंड उघडलं, तर पुढचा प्रश्न त्याचा असणार होता.

ती दारातच उभी राहिली आणि तोंडात टाचण्या धरून बोलावं, तितक्या हळू बोलली.

"टकला बरा होता. तुम्ही त्याच्याहून सरस."

नाडीवरची बोटं थांबली. काय म्हणालीस, असं त्याने विचारलं नाही.

"दगा तो दगाच," ती म्हणाली. "पण काम चोख. फक्त लेकीचं सांगितलं त्या दिवशी चष्मा फार वेळ पुसत बसलात. काच केव्हाच स्वच्छ झाली होती."