गल्लीभर फिरलेली टोपली

संध्याकाळ झाली की कोंबड्या आपल्या पायांनी खुराड्यात जातात. त्यांना ते शिकवावं लागत नाही.

धाकटीच्या सहा कोंबड्या मात्र गेले चार दिवस खुराड्याच्या दाराशी येऊन थांबत होत्या. आत मान घालायच्या, मागे सरकायच्या. मग एकेक जण उडून परसातल्या भिंतीवर जाऊन बसायची.

"भुताटकी झालीय तुझ्या खुराड्यात," नवरा हसत म्हणाला.

"गप बसा हो!"

धाकटीला हसू आलं नाही. तिने एकेकीला धरून आत कोंबलं आणि कडी लावली. आतून आवाज येऊ लागला. दबका, खालच्या पट्टीतला, न थांबणारा. भ्यालेल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली. शिवणकाम हा तिचा धंदा. शाळेच्या गणवेशाचा पांढरा शर्ट पुढ्यात होता, कॉलर लावायची राहिली होती. कॉलरवर एक लाल ठिपका होता.

ठिपका चालू लागला.

तिने नखाने चिरडला. पांढऱ्या कापडावर रक्ताची बारीक रेघ उमटली. सुईच्या टोकाएवढा किडा आणि त्याच्या पोटात एवढं रक्त? कुणाचं?

मग तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. अंडी काढताना घरट्यात हात घातला होता. बाहीच्या शिवणीत आणखी तीन ठिपके होते.

आता वाचकहो, तुम्ही म्हणाल, लगेच गुरांच्या दवाखान्यात जायचं. बरोबर. पण क्षणभर तिच्या जागी बसून बघा. लोक तिच्याकडे अंगाला लागणारे कपडे शिवायला टाकतात. शिवणाऱ्या बाईच्या घरात कीड निघाली हे कळलं, तर कोण उंबरा चढेल? तिने शर्ट थंड पाण्यात बुडवला, डाग चोळून काढला. झाकली मूठ सव्वा लाखाची! नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

आणि नेमकी त्याच दुपारी थोरली आली.

थोरली म्हणजे तिची जाऊ, तीन घरं सोडून राहणारी. गल्लीचा भोंगा. तिच्या कानात गेलेली गोष्ट चूल विझायच्या आत चारही कोपऱ्यांत पोचायची. कमरेवर वेताची मोठी टोपली होती. गल्लीत कुणाला कोंबडी न्यायची-आणायची असली की हीच टोपली फिरायची. मूळची कुणाची, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

"अगं, तुझी करडी खुडूक झालीय ना? आमच्याकडची एकही बसेना. अकरा अंडी जमवून ठेवलीत मी. तीन आठवडे दे की!"

धाकटी म्हणाली : "न्या ना, जाऊबाई."

म्हणाली नाही : आधी तिच्या पंखांखाली बघा.

म्हणाली : "तापट आहे हं, चोच मारते."

म्हणाली नाही : किड्यांचं काहीच.

करडी टोपलीत बसून गेली.

*पहिला दिवस*

अंड्यांवर कोंबडी एकवीस दिवस बसते. धाकटीने पहिल्याच दिवशी मनाशी हिशेब सुरू केला. एकवीस दिवस निभावले की सुटले.

*सहावा दिवस*

कुणी बघत नाही असं पाहून तिने आपलं खुराडं झाडलं, पाणी ओतलं. वरवर लख्ख झालं. फटी मात्र तशाच राहिल्या. उरलेल्या पाच कोंबड्या दाराशी आल्या, थांबल्या आणि भिंतीवर गेल्या.

*बारावा दिवस*

ती करडीला बघायला गेली. लालभडक तुरा धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा झाला होता.

"बसून बसून फिकटली असेल," थोरली म्हणाली. "काय गं, मान का खाजवतेयस?"

"घामोळं."

"माझ्याही हातावर उठलंय काहीतरी. साबणाने असेल." थोरलीने बाही खाली ओढली. जरा घाईनेच.

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. आत्ता बोलावं! अजून करडी जिवंत आहे, अजून वेळ आहे! जिभेपर्यंत आलेले शब्द तिने गिळले. थोरलीच्या जिभेची भीती त्या मुक्या जिवापेक्षा मोठी ठरली.

*सतरावा दिवस*

थोरलीच्या परसातून हाक आली, "अगं ए, जरा ये गं!"

करडी अंड्यांवरच होती. पंख पसरलेले, मान खाली, डोळे मिटलेले. झोपली होती म्हणा. धाकटीने बोट लावलं.

बाकीच्या पाचजणी भिंतीवर पळू शकत होत्या. खुडूक कोंबडी अंडी सोडून उठत नाही. किडे अंधारात रोज तिच्यावर चढत होते आणि ती रोज बसून राहिली होती. खाली अकरा अंडी अजून कोमट होती.

"उन्हाने गेली गं," थोरली घाईघाईने म्हणाली. "तुझा काय दोष? आणि माझा तरी काय? चल, पुरून टाकू."

सुटले! धाकटीच्या मनात पहिला शब्द हाच आला, आणि त्या शब्दाची तिला जितकी भीती वाटली तितकी त्या किड्यांचीही वाटली नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणारी इस्त्रीवाली दारात आली. "मोकळी झाली का हो टोपली? माझी पिल्लं बहिणीकडे पोचवायचीत."

"घेऊन जा," म्हणत थोरलीने कोपऱ्यातली रिकामी टोपली उचलली. वेताच्या विणीत, जिथे दोन काड्या एकमेकींवरून जातात, तिथे राखेसारखं काहीतरी साचलं होतं. ती राख हलत होती.

"नको!" धाकटी ओरडली. "ती टोपली देऊ नका! कीड आहे तिच्यात! माझ्या घरची! करडीला मी मारलंय, जाऊबाई, मी! मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही!"

थोरलीच्या हातून टोपली पडली. आता ही तोंड उघडणार, गल्ली गोळा होणार! धाकटीने डोळे मिटून घेतले.

डोळे उघडले तर थोरली पायरीवर बसली होती.

"मला वाटलं, मी मारली," ती म्हणाली. "आमच्याकडे केव्हाचे आहेत. म्हणून तर आमच्या कोंबड्या बसत नव्हत्या. म्हटलं, तुझी धडधाकट आहे, ती निभावेल. तू विचारशील म्हणून सतरा दिवस जीव मुठीत धरून होते गं."

इस्त्रीवालीने घसा खाकरला.

"आमच्यात पण आहेत. मला वाटलं, माझ्याच घरात."

निरोप गेला तशा गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. सोबत धाकटीचा नवराही धावत आला, हातात पिकावर मारायच्या औषधाची बाटली घेऊन.

"ती आधी ठेवा खाली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "किड्यांबरोबर कोंबड्या मराव्यात असं वाटतं का? आणि अंडी कोण खाणार, तुम्हीच ना?"

त्यांनी एक जुनी सुरी मागितली, कोंबड्या बसायच्या दांडीच्या फटीत घातली आणि ओढली. पातं लाल झालं.

"माइट म्हणतात यांना, रक्त पिणारे किडे. दिवसा फटीत, अंधारात कोंबडीवर. माणसाला चावतात, पण माणसावर घर करत नाहीत."

"हे किडे आणले कुणी, ते सांगा ना," थोरली पुटपुटली.

"चिमणीने आणले असतील. पण पोचवले टोपलीने, आणि वाढवले तुम्ही सगळ्यांनी मिळून. गप्प बसून! कीड होणं यात लाज कसली? ती धुतल्या घरातही होते. चार-पाच दिवस आधी जरी बोलला असतात तर ही कोंबडी आज माझ्या अंगावर धावून आली असती."

धाकटीने काडेपेटी आणली.

टोपली तिथेच जाळली. घरट्यांतला पेंढाही जाळला. तिन्ही घरची खुराडी एकाच दिवशी उघडली. खरवडली, उकळतं पाणी ओतलं, उन्हात सुकवली, फटी बुजवल्या. डॉक्टरीणबाईंनी दिलं तेच औषध, सांगितलं तेवढंच, आणि सात दिवसांनी पुन्हा, कारण पहिल्या वेळी वाचलेली किड्यांची अंडी तोवर फुटतात. औषध सुरू असेपर्यंत आणि पुढे त्या सांगतील तितके दिवस कोंबड्यांची अंडी खायची नाहीत. कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि राख. बाहेरून आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी.

करडीखालची अंडी धाकटीने पुसून एका खोक्यात ठेवली, खोक्यावर बल्ब लावला. खोकं मशीनशेजारीच होतं. एकविसाव्या दिवशी चार फुटली. सात नाही फुटली.

त्याच आठवड्यात गणवेशवाली गिऱ्हाईक आली. शर्ट उलटसुलट बघत म्हणाली, "काय हो, तुमच्याकडे किडे झालेत म्हणे?"

हीच ती घडी, जिच्या भीतीने करडी गेली होती.

"झाले होते," ती म्हणाली. "कोंबड्या पाळता ना तुम्ही? हे पांढरं कापड न्या. रात्री दांडीला गुंडाळा, सकाळी बघा. लाल ठिपके दिसले तर दवाखाना गाठा."

गिऱ्हाइकाने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "दोन द्या. जावेलाही देते."

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी झाकली मूठ असेल. कीड असो की आजार, ती लपवली की मरत नाही. शेजारच्या घरी जाते आणि तिथेही लपते. लाज वाटायचीच असेल तर गप्प बसण्याची वाटू द्या. आणि बोलायचं असेल तर बाराव्या दिवशी बोला, सतराव्या दिवशी नव्हे!

दुसरं औषध झालं त्या संध्याकाळी धाकटी परसात उभी राहिली. पाचही कोंबड्या दाराशी आल्या. थांबल्या. एकीने आत मान घातली, मग पाय. मागोमाग बाकीच्या गेल्या.

धाकटीने कडी लावली आणि फळीला कान लावला.

आतून कसलाच आवाज आला नाही.